पैसे नाहीत, पण नाव मिळेल : गेमसाठी चित्रकार शोधतानाच्या नोंदी

गेम नावाड्याचा आहे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गावातून रात्री नाव हाकायची, कंदिलाच्या उजेडात दिसेल तेवढंच दिसणार, आणि सामान ज्याचं त्याला पोचवायचं. कोड मी एकटा लिहितो. चित्रकला माझी शाळेत सुटली ती सुटलीच. खालच्या नोंदी काम चालू असताना लिहिलेल्या आहेत; नंतर शुद्धलेखन सुधारलं, दोन ठिकाणच्या शिव्या काढल्या आणि काही नोंदींत पुढे काय झालं ते जोडलं. खर्च जवळपास सगळा तासांत झाला आहे, माझ्या आणि दुसऱ्यांच्या. दुसऱ्यांचे वाया गेलेले तास मी वेगळे मोजलेत.

४ जानेवारी

पहिलं आवाहन टाकलं. लिहायला दोन तास लागले. लाज बाजूला ठेवून मजकूर जसाच्या तसा देतो: "रात्रीच्या पुराची पार्श्वभूमी असलेल्या एका आगळ्यावेगळ्या गेमसाठी हौशी चित्रकार हवेत. सध्या मानधन देता येणार नाही, पण नाव मिळेल. गेम चालला तर नफ्यात वाटा. अनुभव नसला तरी चालेल, उत्साह हवा."

सोबत एकही चित्र नाही. गेममध्ये तेव्हा करड्या चौकोनाच्या अंगावर दुसरा करडा चौकोन सरकत होता, ते काय दाखवायचं? दाखवण्यासारखं काही नाही म्हणूनच तर चित्रकार शोधतोय, असा माझा हिशोब.

११ जानेवारी

आठवड्यात चार उत्तरं. एकाने विचारलं, वाटा म्हणजे किती टक्के, आणि कशाचे? दुसरीने, आत्तापर्यंत काय झालंय ते दाखवा. तिसरा म्हणाला, "नाव मिळेल म्हणता, पण नाव तर तुमच्या गेममध्येच आहे. ती घेऊन मी काय करू? माझ्याकडे पाणी नाही." मी हसलो, आणि अर्ध्या तासाने ते टोचायला लागलं. चौथ्याने लिहिलं, "मी करतो. कधी सुरू करू?"

रात्री आवाहन परत वाचलं, आपण चित्रकार आहोत असं समजून. काम काय, किती, कुठल्या मापाचं, कशात करायचं, किती वेळ लागेल, यातलं एकही उत्तर त्यात नाही. "नफ्यात वाटा" हे तर निव्वळ संकट. शून्याचे तुकडे करून वाटायचे, आणि त्याचा हिशोब आयुष्यभर ठेवायचा. ते आजच मिटवलं: गेम कायम फुकट, कोड सगळ्यांना खुला. यात औदार्य वगैरे काही नाही, मला हिशोब ठेवायचा कंटाळा आहे.

२ फेब्रुवारी

चौथ्याची गोष्ट. हात फार सुंदर. तिसऱ्या दिवशी त्याने एक दृश्य पाठवलं: धुकं, पाण्यातून वर आलेली छपरं, लांबवर एकच दिवा. ४००० पिक्सेल रुंद. मी उत्तर दिलं, "कमाल!" त्याने आणखी दोन केली. मी, "भारीच!"

आमच्या गेमचा अख्खा पडदा ३२० पिक्सेल रुंद आणि १८० उंच. त्यातली घरं १६ पिक्सेलच्या चौकोनी टाइल जोडून बनतात. त्याचं एक छप्पर आमच्या पूर्ण गावापेक्षा मोठं. हे मला पहिल्याच चित्राला कळलं होतं. सांगितलं अकराव्या दिवशी. तोवर त्याचे जवळपास तीस तास गेले होते.

त्याने एकच विचारलं, "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" खरं उत्तर असं की मला भीती वाटली, सांगितलं तर हा जाईल. तो गेलाच. जाताना त्यातलं एक चित्र गेमच्या पानावर वर लावायची परवानगी देऊन गेला, तेही मी न मागता.

दुसऱ्यांचे वाया गेलेले तास: ३०.

१६ फेब्रुवारी

आवाहन बंद ठेवलं आणि आधी मोजायला बसलो. आजवर "थोडीशी चित्रं लागतील" असं म्हणत होतो. यादी केली तर २१२ निघाली.

नावाड्याची एकट्याची ९६. चार दिशा, तीन हालचाली (उभा, वल्हवताना, सामान उचलताना), प्रत्येकीला आठ फ्रेम (हालचालीतलं एकेक चित्र). मग पाण्याचा काठ. मी सगळ्यांना सांगत होतो, "काठाची एक टाइल हवी." एका टाइलला आजूबाजूचे आठ शेजारी असतात, प्रत्येक एकतर पाणी नाहीतर जमीन, म्हणजे २५६ प्रकार. कोपऱ्याचा शेजारी दोन्ही बाजू जमिनीच्या असतील तरच मोजायचा असं धरलं की ते ४७ वर येतात. एका टाइलच्या नावाखाली मी ४७ मागत होतो. कोणी ते काम घेऊन मध्येच गायब झालं असतं तर चूक कोणाची होती?

कात्री लावली. काठासाठी फक्त चार बाजूंचे शेजारी मोजायचे, तिरपे सोडून द्यायचे: १६ टाइल. कोपरे थोडे बोजड दिसतात, पण गेम रात्रीचा आहे, अंधार पुष्कळ झाकतो. नावाड्याच्या तीनच दिशा रेखाटायच्या आणि उजवीकडचा म्हणजे डावीकडचाच उलटा करून. फ्रेम आठाच्या चार. सामान उचलायची हालचाल रद्द, सामान आपोआप नावेत येतं. ९६ चे २४ झाले. उरलेल्या ६९ मधून (घरं, पेट्या, बटणं, नावेचे प्रकार) २१ गळले.

एकूण ८८. ही कात्री लावायला मला चार तास लागले. पहिल्या आवाहनाआधी लावायला हवी होती.

२३ फेब्रुवारी

आता दाखवण्यासाठी काहीतरी. केनी या साइटवरच्या तयार चित्रांनी (सीसी-शून्य लायसन्स, म्हणजे कोणीही विनाअट वापरावीत) गेम सजवून पाहिला. एका संध्याकाळीत इतका गोंडस दिसायला लागला की मित्र म्हणाला, "झालाच की! चित्रकार कशाला हवाय?" म्हणजे तेही चुकलं. परत करड्या चौकोनांवर आलो, पण यावेळी प्रत्येक चौकोन खऱ्या मापाचा आणि त्याच्यावर यादीतला नंबर. गेम खेळता खेळता दिसतं की ३४ नंबरची जागा रिकामी आहे आणि तिथे पेटी यायची आहे. ही युक्ती पुढे सगळ्यात उपयोगी पडली.

ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर टाकली. चौघांनी फोनवर उघडली, तिघांना काळा पडदा. गेम मी गोडो या साधनात बनवतो; त्याच्या वेब एक्स्पोर्टमध्ये (ब्राउझरसाठीची आवृत्ती काढताना) मी थ्रेड, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवायची सोय, चालू ठेवले होते. तसं केलं की पान देणाऱ्या सर्व्हरकडून खास हेडर (पानासोबत येणाऱ्या सूचना) लागतात. गोडो ४.३ पासून थ्रेड बंद करून एक्स्पोर्ट करता येतं. ते केलं, चौघांनाही चाललं. गेले पाच तास, त्यातले साडेचार "तुमचा फोन जुना असेल" असं लोकांना सांगण्यात.

१ मार्च

दुसरं आवाहन. हेही जसंच्या तसं:

"एक कंदील हवा आहे. माप १६ × १६ पिक्सेल, ४ फ्रेम, ज्योत हलती. सोबत दिलेले १६ रंगच वापरायचे. पीएनजी फाइल, मागची बाजू पारदर्शक. सरावाच्या हाताला अंदाजे दोन तास. गेम फुकट आहे आणि फुकटच राहणार, त्यामुळे पैसे नाहीत, वाटाही नाही. कंदील जिथे लागणार ती जागा इथे खेळून बघा, नंबर ७. आला की त्याच दिवशी गेममध्ये लावून दाखवीन."

लिहायला वीस मिनिटं. "उत्साह" हा शब्द काढला. "नाव मिळेल" तर अर्थातच काढलं.

९ मार्च

नऊ उत्तरं आणि तीन कंदील! आनंद दहा मिनिटं टिकला. जागा एक, कंदील तीन, आणि तिघांनीही मनापासून केलेले. दोघांना काय सांगू?

एक नावेवर गेला. दुसऱ्याची काच काजळी धरलेली होती, तो काठावरच्या धर्मशाळेत टांगला. तिथे कंदील नव्हताच, त्यासाठी कोड लिहिला. तिसरा विझलेल्या कंदिलाच्या जागी, त्याच्या चित्रकाराला विचारून ज्योत काढून. हे एकदा जमलं, दर वेळी जमणार नाही.

म्हणून पाटी लावली: आधी यादीत नंबरापुढे नाव लिहायचं, मग काढायला घ्यायचं. नाव दहा दिवस राहील. दहा दिवसांत काही आलं नाही तर नंबर आपोआप मोकळा, कोणी कोणाला काही विचारणार नाही. शेवटचं वाक्य एका चित्रकार ताईंनी घालायला लावलं. त्या म्हणाल्या, "काम राहिलं की माणूस तोंड चुकवतो, आणि मग कायमचाच जातो. परत यायला दार उघडं ठेवा." तेव्हापासून सहा जणांचे नंबर मोकळे झालेत, त्यातले दोघं नंतर दुसरा नंबर घेऊन परत आले.

२२ मार्च

नावाडी हे मोठं काम, २४ फ्रेम एकाच हाताच्या हव्यात. उघड आवाहनाने ते होईना, म्हणून ज्यांची पिक्सेल चित्रं आवडली होती अशा चौदा जणांना एकेकट्याला लिहिलं. त्यातली पहिली नऊ पत्रं एकाच साच्यातली: "तुमचं काम फार आवडतं."

एकीने उलट विचारलं, "कुठलं?"

मी घाईत उत्तर दिलं, "तो पावसातला कुत्रा." कुत्रा दुसऱ्याच कोणाचा होता. तिने हसण्याचं एक चिन्ह पाठवलं आणि विषय संपला. खोटं नव्हतं हो, तिचं काम मला खरंच आवडायचं. पण पत्रं एका बैठकीत ओतली की असंच होणार.

उरलेली पाच पत्रं एकेका दिवशी एकेक लिहिली. आधी तुमच्या अमुक चित्रात अमुक काय पाहिलं ते. (म्हातारीच्या पाठीचा बाक फक्त तीन पिक्सेलमध्ये कसा आलाय, असं.) मग काम नेमकं काय. मग, पैसे नाहीत. हे तिसऱ्या ओळीत, शेवटी लपवून नाही. आणि "नाही म्हणालात तरी चालेल, उत्तर नाही दिलंत तरी चालेल." नऊपैकी उत्तरं दोन, दोन्ही नकार. पाचपैकी उत्तरं तीन: एक नकार, एक "मी मानधनाशिवाय काम करत नाही", एक होकार.

मानधनवाल्याचं थोडं. माझ्या ओळखीतल्या एकाने त्यावर नाक मुरडलं. मला उलट ते उत्तर बरं वाटलं. चित्रं काढणं हा ज्याचा पोटापाण्याचा धंदा आहे त्याला फुकट मागितलं तर त्याने आणखी काय म्हणावं? मी आभार मानले. त्याने आपणहून मला सांगितलं की चालण्याच्या फ्रेम करायला घेण्याआधी एक उभी आकृती पक्की करून घ्या, नाहीतर चोवीस वेळा तीच चूक सुधाराल. हा सल्ला मात्र फुकट मिळाला.

५ एप्रिल

होकार दिलेल्या बाईंनी नावाड्याची उभी आकृती पाठवली. गेममध्ये लावली, तर चेहरा धुरकट. त्यांना स्क्रीन पाठवला. त्यांना वाटलं आपण रंग जवळजवळचे घेतले, आणि त्यांनी रात्र जागून अख्खी आकृती परत काढली. तीही धुरकट.

दोष माझा, आणि दोन ठिकाणी. गोडोच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टेक्स्चर फिल्टर मुळात लिनिअर असतो. तो चित्र मोठं करताना शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळतो. फोटोला बरं, १६ पिक्सेलच्या चेहऱ्याला मारक. निअरेस्ट केलं, म्हणजे रंग मिसळणं बंद. थोडं स्वच्छ झालं, पण पूर्ण नाही. मग फाइल उघडून रंग मोजले: १६ हवे होते, चारशेच्या वर निघाले. चित्र मेसेजच्या ॲपवरून फोटो म्हणून आलं होतं आणि वाटेत जेपेग झालं होतं, म्हणजे फाइल लहान करताना रंग बिघडले होते. तेच झिप करून मागवलं. त्यांची पहिली, टाकून दिलेली आकृती. लावली. डोळे दोन पिक्सेलचे, आणि डाव्या डोळ्याखाली कंदिलाच्या उजेडाचा एकच पिवळा ठिपका. तो ठिपका आम्ही दोघांनीही तोवर पाहिलाच नव्हता. म्हणजे त्यांनी काढला होता, पण लावलेला पाहिला नव्हता.

त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी तुमची बाजू तपासा, मग मला सांगा." तेव्हापासून तसंच करतो. यादीच्या पानावर वरच लिहिलं: फाइल झिप करून पाठवा, फोटो म्हणून नको. आलेल्या प्रत्येक चित्राचे रंग मोजणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, सोळाच्या वर गेले की ओरडते.

दुसऱ्यांचे वाया गेलेले तास: आणखी ६, सगळे रात्रीचे.

याच आठवड्यात पडद्याचं मापही एकाने विचारलं: ३२० × १८० च का? कारण सहापट केलं की नेमके १९२० × १०८० होतात आणि चौपट केलं की १२८० × ७२०, पिक्सेल तुटत नाहीत. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर चौपट करून बाजूला काळी पट्टी सोडतो. मात्र १८० ला १६ ने भाग जात नाही, खाली चार पिक्सेल उरतात. तिथे मी पाण्याची पातळी दाखवणारी रेघ टाकली आणि असं भासवलं की हे मुद्दाम केलंय.

१९ एप्रिल

नाव. गेममधली मुख्य वस्तू, आणि आलेली नाव दिसायला देखणी होती: काळपट लाकूड, एक फळी नवी ठोकलेली, ती जरा उजळ. मी अभिप्राय लिहिला, "छान आहे, जरा अजून उठावदार होईल का?" नाव काढणारीने कडेला नक्षी घातली. मी, "अजून थोडं?" तिने नक्षीला रंग दिला. तिसऱ्यांदा तिने लिहिलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय ते तुम्हालाच माहीत नाहीये." बरोबर होतं.

शब्द सोडले. नाव गेममध्ये लावली, नावाडी बसवला, कंदील विझवला, आणि सहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून पाठवलं. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. त्यात नाव काठावरून निघते, पाण्यात शिरते आणि दिसेनाशी होते. पाण्यावर माणूस नुसता बसल्यासारखा तरंगत जातो. पाण्याचा गडद निळा आणि लाकडाचा काळपट, आमच्या १६ रंगांत शेजारी शेजारी आहेत.

वीस मिनिटांत नवी फाइल. नक्षी गेली, पहिली साधी नाव परत आली, फक्त वरच्या कडेवर एक पिक्सेल जाडीची फिकट रेघ, चंद्र असल्यासारखी. कंदील विझला तरी ती रेघ पाण्यावरून सरकताना दिसते. मी गप्प बसून पाहत राहिलो. मला हे शब्दांत मागता आलं नसतं, कारण असं काही हवंय हे मला ठाऊकच नव्हतं.

आता अभिप्राय म्हणून फक्त रेकॉर्डिंग जातं. "छान" सुद्धा नंतर, लावल्यावर.

१० मे

वाईट दिवस. घरं आणि पेट्या करणाऱ्याने सांगितलं की त्याला नोकरीत असं काम बाहेर करायला मनाई आहे, तर त्याची १९ चित्रं काढून टाका. माझ्याकडे लेखी काय होतं? "हो हो, वापरा बिनधास्त" असा एक मेसेज. लायसन्सचं मी "नंतर बघू" म्हणून ठेवलं होतं. चित्राचा हक्क काढणाऱ्याचाच, त्यासाठी कुठे नोंद करावी लागत नाही. मी परवानगी लेखी घेतली नाही ही माझी चूक. लेखी असतं तरी त्याच्या नोकरीपुढे मी हटून बसलो नसतो, पण निदान हा प्रश्न त्याने सही करतानाच स्वतःला विचारला असता.

१९ चित्रं काढून टाकली, नंबर परत करडे झाले. गावाला भोकं पडली. तीन शनिवार-रविवार गेले, आणि इतरांपैकी दोघांनी जुनं काम बाजूला ठेवून घरं काढली.

१७ मे

सहा ओळींचा कागद केला. हे चित्र मी स्वतः काढलं आहे. कशावरून घेतलं असेल तर ते इथे लिहिलं आहे. माझ्या नोकरीच्या करारात याला आड काही येत नाही. हे मी सीसी बाय ४.० लायसन्सखाली (माझं नाव देऊन कोणीही वापरावं) देतो. हे लायसन्स मागे घेता येत नाही हे मला माहीत आहे. माझं नाव असं लिहा. पहिलं चित्र पाठवतानाच भरायचा. सगळ्या जुन्या लोकांकडूनही भरून घेतला, अकरा जण, बारा दिवस.

एकाला "व्यावसायिक वापर नाही" असं कलम हवं होतं. त्याची काळजी रास्त, कोणी त्याची घरं उचलून विकेल. पण ते कलम एका चित्राला लागलं की अख्ख्या गेमच्या पायात येतं; डेबियनसारखी लिनक्स वितरणं (खुले प्रोग्रॅम एकत्र करून देणारे संच) असं लायसन्स मुख्य संग्रहात घेत नाहीत. मी त्याला दोन्ही बाजू लिहून दिल्या आणि ठरवायला आठवडा दिला. तो नाही म्हणाला. त्याची चार चित्रं लावली नाहीत. अजून बोलणं आहे आमचं.

३१ मे

खेळून पाहणाऱ्या एकाने कळवलं, "ते झुडूप ओळखीचं वाटतंय." शोधलं तर ओपनगेमआर्ट या गेमच्या खुल्या चित्रांच्या साइटवर सापडलं, २०१२ च्या लिबरेटेड पिक्सेल कप या स्पर्धेच्या संचातलं, रंग बदललेलं. तो संच सीसी बाय-एसए ३.० आणि जीपीएल ३ खाली आहे. वापरायला हरकत नाही, पण मूळ चित्रकारांची नावं द्यायला हवीत आणि बदललेलं चित्र त्याच लायसन्सखाली ठेवायला हवं. पाठवणारा कॉलेजातला मुलगा, त्याला वाटलं होतं रंग बदलले की आपलं झालं. कागदावर त्याने "स्वतः काढलं" असं भरलं होतं. रागावलो नाही, मीही त्याच्या वयात कोड असाच "स्वतः लिहायचो". झुडूप वेगळं ठेवून नावं देता आली असती, पण मला एका फोल्डरात दोन लायसन्स नको होती. त्याने नवं काढलं. नवं जरा वाकडं आहे.

२१ जून

आजची स्थिती. ८८ पैकी ७१ नंबर रंगले. काम करून गेलेले किंवा अजून करणारे एकूण चौदा जण, पण ७१ पैकी ४३ चित्रं तिघांचीच. नावाडीवाल्या बाई आता मला विचारल्याशिवाय इतरांची चित्रं तपासतात आणि मी त्यांना विचारल्याशिवाय काही लावत नाही. सुरुवातीला वाटायचं चौदाच्या चौदा टिकले पाहिजेत. आता कोणी एक कंदील देऊन गेला तरी हिशोब पूर्ण धरतो. बॅटल फॉर वेसनॉथ हा खुला गेम २००३ मध्ये आला तेव्हापासून स्वयंसेवकांच्याच जिवावर चाललाय, तिथेही आधी खेळता येण्यासारखा गेम होता आणि चित्रं मागून सुधारत गेली. हे मी पहिल्या दिवशी वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं.

माझे तास: चित्रकारांशी बोलणं, याद्या, लावणं, रेकॉर्डिंग मिळून १३० च्या आसपास. याच काळात कोडला दिले ९०. म्हणजे "चित्रकार मिळाला की मला कोडला वेळ मिळेल" हा अंदाज उलटा पडला.

कंदिलाचं एक राहिलंय. नावाडी उजवीकडे वळला की चित्र उलटं होतं आणि कंदील एका हातातून दुसऱ्या हातात उडी मारतो. इतके दिवस कोणाला दिसलं नाही, परवा एका सात वर्षांच्या मुलीला दिसलं. आठ फ्रेम वाढतील. बाई म्हणाल्या करते. मी म्हटलं, दहा दिवसांचा नियम तुम्हालाही लागू आहे.

६ जुलै

श्रेयनामावली. काळ्या पडद्यावर यादी सरकवण्याऐवजी शेवटच्या धक्क्यावर प्रत्येकाची एक नाव बांधायची आणि तिच्यावर त्याचं नाव. पहिल्या आवाहनाला टोमणा मारणाऱ्याला हे कळवलं. त्याने दोरखंडाची चार पिक्सेलची गाठ करून पाठवली, कागद भरून, झिप करून. आता त्याचीही नाव आहे.

पण नावेच्या कडेला उंची सात पिक्सेल. रोमन अक्षर सातात बसतं. आपल्या अक्षराला शिरोरेघ, वर वेलांटी, खाली उकार, बारा-तेरा तरी हवेत. आठ पिक्सेलमध्ये करून पाहिलं, सगळ्यांच्या मात्रा गेल्या. मग नावेवरून नावं उतरवून धक्क्याच्या फळ्यांवर घेतली, सोळा उंचीत. जोडाक्षरं गोडो नीट जुळवतो, त्याची चिंता नाही. पंधरापैकी चौदा बसली. पंधराव्याच्या नावात शेवटच्या अक्षराला ऱ्हस्व उकार आहे, आणि तो फळीच्या कडेखाली पाण्यात जातो. त्यांना रेकॉर्डिंग पाठवलंय. फळी एक पिक्सेल वर घेतली तर वरची वेलांटी छपराला लागते, म्हणून उद्या छप्पर.